घरातील वंदनास्थान : पाहण्याची जागा की बसण्याची?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले त्याची नोंद इतिहासाने घेतली आहे. त्यानंतरच्या दिवसांत गावोगावच्या घरांतून जे घडले त्याची नोंद मात्र त्या मानाने फार थोडी झाली आहे. दीक्षा घेऊन परतलेल्या माणसांनी देव्हाऱ्यातील पितळी टाक, खंडोबा-मरीआईच्या मूर्ती, देवादिकांच्या तसबिरी उचलल्या आणि नदीत, विहिरीत सोडून दिल्या. ज्या कोनाड्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर आणि तेलाचे ओघळ लागलेले होते तो कोनाडा रिकामा झाला. बावीस प्रतिज्ञांचा उच्चार दीक्षाभूमीवर झाला. त्यांचे पहिले आचरण या कोनाड्यात झाले. देवाचा कोप होईल, लेकराबाळांना बाधा होईल, ही भीती पोटात असतानाही ज्या मातापित्यांनी तो कोनाडा मोकळा केला त्यांच्या धैर्याला तोड नाही.

त्या मोकळ्या झालेल्या जागेचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बहुतेक घरांत त्या जागी तथागतांची प्रतिमा आणि परमपूज्य बाबासाहेबांचे छायाचित्र आले. हे स्वाभाविक होते आणि योग्यही होते, असे आम्ही मानतो. आपल्यातील काही बुद्धिवादी मित्रांना ते मान्य नाही. मूर्ती आली की पूजा आली, पूजा आली की देव आला, तेव्हा बौद्धाच्या घरात प्रतिमाच नको, असे त्यांचे म्हणणे असते. हा युक्तिवाद वरवर निर्दोष दिसतो. परंतु बाबासाहेबांच्या आचरणाशी त्याचा मेळ बसत नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी स्वतः केली. ‘बौद्ध पूजापाठ’ ही पुस्तिकाही त्यांनीच संकलित केली. प्रतिज्ञांनी नाकारले ते देव, अवतार, श्राद्ध आणि पिंडदान. शास्त्याविषयीची कृतज्ञता त्यांनी नाकारलेली नाही. प्रतिमा असावी की नसावी हा वाद म्हणूनच आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. प्रतिमेच्या भोवती आपण घरात कोणती रचना उभी केली, आणि ती रचना आपल्याकडून काय करवून घेते, हा प्रश्न अधिक खोल जाणारा आहे.

आज आपल्या मध्यमवर्गीय घरात गेल्यावर काय दिसते? दर्शनी खोलीच्या भिंतीवर, डोक्याच्याही वर, एक लाकडी कपाट बसविलेले असते. त्याला घुमट असतो, क्वचित कळसही असतो. आत प्लास्टरची किंवा फायबरची बुद्धमूर्ती, तिच्या मस्तकामागे फिरणाऱ्या दिव्यांचे प्रभामंडल, समोर विजेची मेणबत्ती, बाजूला कापडाची किंवा प्लास्टिकची फुले. शेजारी एखाद्या हितचिंतकाने भेट दिलेला, पोट सुटलेला ‘लाफिंग बुद्धा’ही अनेकदा असतो, तो बुद्ध नसून चिनी लोकपरंपरेतील एक भिक्खू होय, हे सांगितले तर यजमान थोडे हिरमुसतात. या कपाटाला घरातील मंडळी काय म्हणतात हेही ऐकावे. वंदनास्थान म्हणणारे थोडे. ‘देवघर’ हा शब्द सहज तोंडी येतो. भाषेने दिलेली ही कबुली आम्हांस कोणत्याही टीकाकाराच्या शेऱ्यापेक्षा अधिक बोलकी वाटते.

फुलांचेच पाहा. वंदनेच्या वेळी फूल वाहताना आपण जी गाथा म्हणतो तिचा आशय असा, की हे फूल जसे कोमेजून जाईल तसाच हा देहही विनाशाकडे जाणार आहे. म्हणजे फूल तेथे शोभेसाठी ठेवलेले नाही. ते अनित्यतेचा पाठ आहे. सकाळी वाहिलेले फूल सायंकाळी माना टाकते तेव्हा गाथेचा उरलेला अर्धा भाग उच्चारला जातो. जे फूल कधीच कोमेजत नाही, ज्याच्यावर केवळ धूळ साचते, त्याच्यासमोर उभे राहून ही गाथा म्हणणे म्हणजे मुसावादा वेरमणीचे शील घेण्यापूर्वीच ते मोडणे होय. फूल नसेल तर नसू द्यावे. विजेच्या दिव्याविषयी आमचा तेवढा आग्रह नाही. अंधार त्यालाही घालविता येतो. भ्रमणध्वनीवर वंदना लावून देऊन घरातील सर्वांनी आपापल्या कामाला लागण्याचा जो प्रघात पडू लागला आहे, त्याविषयी मात्र काही बोलण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही. यंत्राने शरण जाऊन आपला काय लाभ व्हायचा?

आणि मग दिशांचा प्रश्न येतो. मूर्तीचे तोंड पूर्वेला हवे की उत्तरेला, ईशान्य कोपरा सोडावा की नाही, अशी विचारणा करणारे उपासक विहारात येतात. त्यांनी दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त एकदा तरी वाचावे. राजगृहातील सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सकाळीच ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना हात जोडीत होता. मरताना पित्याने तसे सांगून ठेवले होते. तथागतांनी त्याची चेष्टा केली नाही, त्याचे हातही खाली करविले नाहीत. त्यांनी दिशांचा अर्थ बदलला. आई-वडील ही पूर्व दिशा, आचार्य ही दक्षिण, पत्नी आणि मुले ही पश्चिम, मित्र ही उत्तर, दास आणि कामकरी ही खालची दिशा, श्रमण-ब्राह्मण ही वरची. या सहा नात्यांतील कर्तव्ये पाळणे हेच दिशांचे रक्षण. ज्या नगरीत हा उपदेश झाला तिचेच नाव बाबासाहेबांनी आपल्या दादरच्या घराला दिले, आणि ते घर ग्रंथांनी भरले. त्यांच्या अनुयायांनी मूर्तीसाठी ईशान्य कोपरा शोधीत बसावे, याचे वैषम्य वाटते.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. तो समजण्यासाठी आपल्याच डोंगरांतील लेण्यांकडे जावे लागेल.

अजिंठ्याचे बारा क्रमांकाचे लेणे सातवाहनकालीन आहे. चौरस दालन, त्याच्या तीन बाजूंना मिळून बारा खोल्या, प्रत्येक खोलीत खडकातच कोरलेले दोन शयनओटे. बस्स. या विहारात बुद्धमूर्ती कोरलेली नाही. भिक्खू येथे राहत, अध्ययन करीत, चिंतनास बसत. वंदनेसाठी चैत्यगृह वेगळे होते, आणि त्यातही स्तूप होता, मूर्ती नव्हती. पुढे पाचव्या शतकात त्याच डोंगरात एक, दोन, सोळा, सतरा या क्रमांकांची भव्य लेणी झाली. त्यांच्या मागील भिंतीत गर्भगृह आले आणि गर्भगृहात बुद्धाची विशाल मूर्ती आली. एक क्रमांकाच्या लेण्यात धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील ती मूर्ती पाहताना कोणाचेही मन थांबते. शिल्पकलेच्या दृष्टीने हा विकासच म्हटला पाहिजे. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बारा क्रमांकाच्या लेण्यात शिरलेल्या माणसापुढे एकच गोष्ट येते, ती म्हणजे बसण्याची जागा. एक क्रमांकाच्या लेण्यात शिरलेल्या माणसाचे पाय आपोआप मधल्या वाटेने गर्भगृहाकडे वळतात. बाजूच्या खोल्या त्याच्या लक्षातही येत नाहीत. खोल्या दोन्हीकडे आहेत. फरक पडला तो दृष्टीच्या ओढीत.

‘लेणे’ हा आपला मराठी शब्दही येथे आठवावा. शिलालेखांतील ‘लेण’ हा तो शब्द. त्याचे मूळ ‘लयन’, म्हणजे आश्रयाची, विसाव्याची जागा. कान्हेरीच्या डोंगरात अशी शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांतील कितीतरी अगदी लहान आहेत : एक खोली, एक ओटा, पुढे सोपा आणि अंगणात पाण्याची पोढी. एका माणसाला पाठ टेकता यावी आणि पाय दुमडून बसता यावे, एवढीच त्यांची मागणी. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार केलेल्या आपल्या माणसांना कान्हेरीची ती मापे परकी वाटू नयेत.

आता आपल्या घरातील कपाटाकडे पुन्हा पाहू. आपण बुद्धासाठी जागा केली. बुद्धाने सांगितले ते करण्यासाठी बसणाऱ्या माणसाला जागा केली का? कपाट भिंतीवर उंच आहे. त्याच्याखाली दूरदर्शन संच आहे, किंवा सोफा आहे, किंवा जाण्यायेण्याची वाट आहे. मेणबत्ती लावायची ती टाचा उंचावून, उभ्याउभ्या. त्रिशरण-पंचशील म्हणायचे तेही उभ्याने, बाहेर पडण्याच्या घाईत. तेथे सतरंजी अंथरायला हातभर जमीन मोकळी नाही. ही रचना माणसाला मान वर करायला लावते, खाली बसायला लावीत नाही. ती पाहण्याची जागा आहे. आम्ही ज्याला दोष म्हणतो तो हा.

सतिपट्ठान सुत्तात चिंतनास बसणाऱ्या भिक्खूसाठी तीन जागा सांगितल्या आहेत : अरण्य, वृक्षाचे मूळ आणि शून्यागार. पहिल्या दोन संसारी माणसाच्या वाट्याला क्वचित येतात. तिसरी मात्र विचार करण्यासारखी आहे. शून्यागार म्हणजे रिकामे घर, रिकामी जागा. तिचे सारे वैशिष्ट्य तिच्यात काही नसण्यात आहे. १९५६ साली आपल्या घरात जो कोनाडा मोकळा झाला तो क्षणभर असे शून्यागारच होता. ते आपण इतक्या घाईने भरून काढले की रिकामेपणाचाही काही उपयोग असतो हे पाहायचे राहून गेले.

यावर कोणी म्हणेल, की ज्यांच्या घरात रात्री झोपताना भांडी बाजूला सारावी लागतात त्यांना शून्यागाराच्या गोष्टी सांगणे हा क्रूर विनोद आहे. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्याच विद्यार्थिदशेत सापडते. परळच्या चाळीतील त्यांची खोली एवढीशी होती. त्यातच संसार, सामानसुमान आणि माणसे. चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे, की वडील रामजी सुभेदार रात्री दोनच्या सुमारास भीमरावांना उठवीत आणि सारे घर झोपलेले असताना दिव्याच्या उजेडात मुलाचा अभ्यास सुरू होई. जागा नव्हती, तेव्हा त्या पित्याने वेळेतून जागा काढली. त्या एका खोलीत रात्री दोन ते पहाटेपर्यंत जे शून्यागार निर्माण होत असे, त्याला घुमट नव्हता. शांत बसण्यासाठी स्वतंत्र खोली पाहिजे, हा श्रीमंतांच्या गृहसजावटीच्या पुस्तकांतून आलेला समज आहे. आज त्याच बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास होऊन १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. नव्या घरात वंदनास्थान कसे करावे हा विचार त्या कुटुंबांत आज चालू असेल. तेव्हा ही चर्चा केवळ शास्त्रार्थाची राहत नाही.

घरात धम्माची जागा कशी असते याचा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा दाखला मूर्तीचा नाही, एका दासीचा आहे. कौशाम्बीच्या उदयन राजाची राणी सामावती. तिची दासी खुज्जुत्तरा. राणीसाठी रोज आठ कार्षापणांची फुले आणणे हे तिचे काम. ती चार कार्षापणांची फुले आणी आणि चार स्वतःजवळ ठेवी. एके दिवशी फुलवाल्या माळ्याच्या घरी तिने तथागतांचा उपदेश ऐकला, आणि त्या दिवशी आठही कार्षापणांची फुले घेऊन ती राजवाड्यात आली. आज इतकी फुले कशी, असे राणीने विचारल्यावर तिने आजवरची चोरी सांगून टाकली. राणीने तिला शिक्षा केली नाही. तू जे ऐकलेस ते आम्हांलाही ऐकव, असे म्हटले. अंतःपुरातील स्त्रियांना बाहेर जाता येत नव्हते. त्यांनी खुज्जुत्तरेला सुगंधी जलाने स्नान घातले, वस्त्रे दिली, उच्चासनावर बसविले आणि स्वतः खालच्या आसनांवर बसून तिच्या मुखातून धम्म ऐकला. पुढे ती दररोज विहारात जाऊन उपदेश ऐके आणि घरी येऊन सांगे. बहुश्रुत उपासिकांत ती अग्रगण्य, असा गौरव अंगुत्तरनिकायात स्वतः तथागतांनी केला आहे.

अट्ठकथेतील या प्रसंगात घरगुती धम्मस्थानाची सारी अंगे आहेत. आसन आहे. ऐकणारी माणसे आहेत. फुलेही आहेत, आणि त्या फुलांत चोरीचा निकाल लागलेला आहे. आसनावर बसली आहे ती घरातील सर्वांत खालच्या पायरीवरची स्त्री. सिगालाला सांगितलेली खालची दिशा येथे वर आली आहे. आपल्या घरांत काय चालते? वंदनेची तयारी गृहिणी करते. मूर्ती ती पुसते, मेणबत्ती ती आणते, पौर्णिमेची खीर ती करते. पुरुष पांढरी वस्त्रे परिधान करून पुढे उभे राहतात आणि ती स्वयंपाकघराच्या दारातून हात जोडते. घरात बसून चिंतन करण्याची उसंत कोणाला मिळत नसेल तर ती तिला. ज्या घरातील उपासिकेला दिवसातून पाव घटकाही कोणी हाक न मारता बसता येत नाही, त्या घरातील वंदनास्थान सागवानाचे असले काय आणि संगमरवराचे असले काय, ते अपुरेच आहे.

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांतील भेद स्पष्ट केला आहे. धर्म ही व्यक्तीची खाजगी बाब मानली जाते. धम्म हा मुळातच सामाजिक आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की ती निर्माण होते. मग घरातील एका कोपऱ्यात एकट्याने डोळे मिटून बसणे हा धम्म कसा? ध्यानाच्या नावाखाली जगाकडे पाठ फिरविणारी आणि अन्यायाच्या बातम्यांनी ‘मनःशांती भंगते’ म्हणून वर्तमानपत्र बंद करणारी वृत्ती आपल्यातही शिरू पाहत आहे. तिच्यासाठी जर हा कोपरा हवा असेल तर तो नसलेला बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु तेथे बसून करावयाचे काय, हे मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिका-राहुलोवाद सुत्तात आलेले आहे, आणि ते अत्यंत सामाजिक आहे. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यासाठी पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवून तथागतांनी जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व किती थोडे उरते ते सांगितले; मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे केले आणि प्रत्येक वेळी तोच धडा दिला. नंतर विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहून परीक्षा करण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तसेच कायेने, वाचेने, मनाने केलेले प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासून पाहावे. आपल्याला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही त्याने पीडा होते का ते विचारावे. पालीत याला पच्चवेक्खण म्हणतात. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे सात धम्मपाठ भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत व मनात धरावेत असे म्हटले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश आहे. म्हणजे हा पाठ गृहस्थांसाठीही आहे, हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ठरलेले आहे. ‘दुसऱ्याला पीडा होते का’ हा प्रश्न ज्या आसनावर रोज विचारला जातो ते आसन खाजगी राहूच शकत नाही. आज कार्यालयात हाताखालच्या माणसाशी आपण कसे बोललो, घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार वेळेवर दिला का, पोटजात पाहून सोयरीक नाकारली का, हे तेथे बसल्यावर समोर येणारच. हे ज्याला नको असते तो मूर्ती उंचावर ठेवतो आणि उभ्यानेच हात जोडून निघून जातो.

साधने किती लागली? एक आसन, एक पाण्याचे भांडे. दुकानदारांना हे सुत्त आवडणार नाही.

शेवटी ग्रंथाविषयी. अनेक घरांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्याच कपाटात मूर्तीच्या पायाशी ठेवलेला असतो, कधी रेशमी वस्त्रात गुंडाळून. त्याला हळदकुंकू लागत नाही एवढेच. बाकी तो पोथीच झालेला असतो. त्याच ग्रंथात धम्म कशाला म्हणत नाहीत हे सांगताना धम्मग्रंथांचे नुसते पठण म्हणजे धम्म नव्हे, असे एक स्वतंत्र प्रकरण बाबासाहेबांनी घातले आहे. पठणाची ही गत, तर न उघडलेल्या ग्रंथाची काय सांगावी? आम्ही पाहिलेल्या प्रतींपैकी ज्यांची पाने दुमडलेली, ज्यांच्या समासात पेन्सिलीच्या खुणा आणि प्रश्नचिन्हे आहेत, त्या बहुधा अशा घरांतील होत्या जेथे कपाटच नव्हते. ग्रंथ मुलांच्या शाळेच्या पुस्तकांत किंवा उशापाशी पडलेला असे.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की विहारांतून या ग्रंथाचे वाचन सुरू होते आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. त्या तीन महिन्यांत घरची प्रत त्या वस्त्रातून बाहेर काढून खाली, जमिनीवर अंथरलेल्या चटईपाशी ठेवावी, आणि विहारात ऐकलेले पान त्या रात्री घरातील ज्या कोणाला उसंत नसते तिला आधी बसवून, तिच्याकडून पुन्हा वाचवून घ्यावे. तिला वाचता येत नसेल तर मुलाने वाचावे आणि तिने शंका विचाराव्यात. तेवढा वेळ स्वयंपाकघर दुसऱ्या कोणी सांभाळावे.